एपी यूएस हिस्टरी: डीबीक्यूचे गुण वाढवायला कुठलं ऑनलाइन साहित्य खरंच उपयोगी पडतं?

सायली_ऑस्टिन
लेक यंदा ज्युनिअर इयरला आहे, एपी यूएस हिस्टरी (शाळेतच घ्यायचा कॉलेज पातळीचा अमेरिकेच्या इतिहासाचा कोर्स) घेतलंय, परीक्षा मे महिन्यात. बहुपर्यायी प्रश्न बरे जातात, पण डीबीक्यूला (दिलेल्या सात कागदपत्रांच्या आधारे लिहायच्या निबंधाला) ७ पैकी २-३ च्या वर गाडी सरकत नाही. व्हिडिओ भरपूर बघते, फ्लॅशकार्डंही केलीत. आम्हा दोघांचा इतिहास शिवकाल ते स्वातंत्र्यलढा एवढाच, त्यामुळे घरून मदत शून्य. शक्यतो फुकट आणि भरवशाचं काय आहे? जाडजूड गाइड विकत घ्यायची गरज आहे का?

खडूफळा
सायलीताई, आधी गुणांची वाटणी बघा. ५५ बहुपर्यायी प्रश्न, ५५ मिनिटं, ४० टक्के. तीन लघुत्तरी प्रश्न, ४० मिनिटं, २० टक्के. डीबीक्यू ६० मिनिटं, २५ टक्के. लाँग एसे ४० मिनिटं, १५ टक्के. म्हणजे ६० टक्के गुण लिहून मिळवायचे आहेत आणि तुमच्या लेकीचा सगळा वेळ बघण्यात चाललाय. दुखणं तिथेच आहे, नव्या साइटने ते जाणार नाही.

सगळ्यात मोलाचं साहित्य परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्याच एपी सेंट्रल साइटवर फुकट पडलेलं आहे: मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, गुणदानाचे निकष, आणि मुलांनी लिहिलेली खरी उत्तरं, कुठला गुण का दिला आणि का नाही या टिपणीसकट. जोडीला दरवर्षीचा चीफ रीडर रिपोर्ट असतो; देशभरातली मुलं त्या प्रश्नात नेमकी कुठे अडखळली ते त्यात लिहिलेलं असतं. तो फारसं कुणी उघडत नाही, आणि माझ्या मते कुठल्याही गाइडपेक्षा तो जास्त शिकवतो.

पण वर्ष बघून उतरवा. २०१५ च्या आधीचा साचाच वेगळा होता. २०२० ची परीक्षा घरून झाली, तेव्हा डीबीक्यूत पाचच कागद होते. ते वर्ष सोडून द्या. २०२३ पर्यंतच्या निकषांत दुसऱ्या पुराव्याच्या गुणासाठी सातपैकी सहा कागद मुद्द्याला जोडावे लागत आणि तीन कागदांचं सोर्सिंग (कागद कुणी, कशासाठी लिहिला याचा विचार) लागे. आता चार कागद आणि दोन कागदांचं सोर्सिंग पुरतं. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून सहा-तीनचाच घोष करतात आणि मुलं त्यापायी वेळ घालवतात. जुने प्रश्न सरावाला उत्तमच, फक्त तपासताना नवे निकष लावायचे.

अवंती_एनजे
+१. वाचायला काय, तेवढं मी सांगते. ‘द अमेरिकन यॉप’ हे प्राध्यापकांनी मिळून लिहिलेलं, ३० प्रकरणांचं पाठ्यपुस्तक ऑनलाइन पूर्ण फुकट आहे. सोबत मूळ कागदपत्रांचा वेगळा संग्रह आहे, प्रकरणवार. भाषा किंचित कॉलेजची, पण बहुपर्यायी प्रश्नांतले उतारे तसेच असतात, त्यामुळे सवय होते. ते जड गेलं तर ओपनस्टॅक्सचं यूएस हिस्टरी, तेही फुकट. दोन्ही एकदम सुरू करू नका, एकच धरा.

व्हिडिओंत हाइमलर्स हिस्टरी थेट अभ्यासक्रमाच्या टॉपिकांनुसार जातं, म्हणून उजळणीला चांगलं. क्रॅश कोर्स मजेदार आहे पण परीक्षेच्या मापाने बेतलेलं नाही. गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूटच्या एपी स्टडी गाइडमध्ये नऊही कालखंड वेगवेगळे मांडलेत.

वेळ वाटताना लक्षात ठेवा: पहिला (१४९१–१६०७) आणि नववा (१९८० पासून पुढे) कालखंड प्रत्येकी ४ ते ६ टक्के, दुसरा ६ ते ८, उरलेले सहा प्रत्येकी १० ते १७. डीबीक्यूचा विषय १७५४ ते १९८० मधलाच असतो. तरी सप्टेंबरात उत्साहाने कोलंबसवर तीन आठवडे घालवायचे आणि एप्रिलमध्ये शीतयुद्ध दोन दिवसांत उरकायचं, हे घरोघरी चालतं.

सायली_ऑस्टिन
धन्यवाद दोघांनाही! शिक्षकांच्या शेऱ्यात दर वेळी “सोर्सिंग नाही” असं येतं. ती म्हणते, “मी लेखकाचं नाव लिहिलं होतं की!” नक्की काय हवं असतं?

खडूफळा
नाव लिहिण्याचा गुण नसतो. कागद कुणी, कुणासाठी, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत लिहिला, यातलं एक धरायचं आणि त्यामुळे आपल्या मुद्द्याला काय फरक पडतो ते सांगायचं.

समजा कागद आहे ट्रुमनचं १२ मार्च १९४७ चं काँग्रेसपुढचं भाषण. “ट्रुमन राष्ट्राध्यक्ष होते म्हणून त्यांचं मत महत्त्वाचं” याला भोपळा. आता हे बघा: “१९४६ च्या निवडणुकीत काँग्रेस रिपब्लिकनांच्या हाती गेली होती. खर्चाला कात्री लावायच्या बेतात असलेल्या त्या सभागृहाकडून ग्रीस-तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर काढायचे होते, म्हणून ट्रुमननी ही मदत स्वातंत्र्य विरुद्ध हुकूमशाही अशा जगव्यापी लढ्याच्या भाषेत मांडली. यावरून कंटेनमेंटचं (साम्यवादाचा प्रसार रोखण्याचं) धोरण घडवण्यात देशांतर्गत राजकारणाचाही वाटा होता हे दिसतं.” शेवटचं “यावरून” गाळलं की गुणही गळतो. बहुतेक मुलं श्रोत्यापर्यंत पोचतात आणि तिथेच थांबतात.

बाकीचे गुण: थीसिसला (निबंधाच्या मुख्य दाव्याला) १, आणि त्यात प्रश्नाचीच वाक्यं फिरवून लिहिलेली चालत नाहीत, “का” किंवा “कसं” यायला हवं. संदर्भाला (त्या काळाच्या पार्श्वभूमीला) १, तो अर्ध्या ओळीत उरकू नये. तीन कागदांतला मजकूर नीट वापरला की पुराव्याचा पहिला गुण, चार कागद युक्तिवादाला जोडले की दुसरा. कागदांबाहेरच्या एका ठोस पुराव्याला १, पण संदर्भात वापरलेली गोष्टच इथे पुन्हा चालत नाही. सोर्सिंगला १, कॉम्प्लेक्सिटीला (मुद्द्याची गुंतागुंत दाखवण्याला) १. हा शेवटचा सगळ्यात अवघड. सातही कागद मुद्द्याला नीट जोडले तरी तो मिळू शकतो, पण ५ गुण हातात येईपर्यंत त्याच्या मागे लागू नका.

पोहेवाला
बाहेरच्या पुराव्यावरून एक. १९२० च्या दशकातल्या स्थलांतरविरोधावर प्रश्न आला की सगळी पोरं १९२४ चा स्थलांतर कायदा लिहितात, आणि तो नेमका कागदांतच असला की हात रिकामे. आपल्या मुलांनी १९२३ चा भगतसिंग थिंद खटला लक्षात ठेवावा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या या माणसाला सुप्रीम कोर्टाने नागरिकत्वाच्या कायद्यापुरतं “गोरा” मानायला नकार दिला. पुढे १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला, आणि १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्यांची पद्धत मोडली. यातल्या कुठल्याही एकावर दोन वाक्यं लिहून मुद्द्याला बांधता यायला हवीत. नुसतं नाव फेकून चालत नाही.

परीक्षा आता बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर होते, उत्तरं टाइप करायची. त्यामुळे सरावही टाइप करूनच, स्पेलचेक बंद ठेवून. ॲपमधला नमुना पेपर आधी एकदा सोडवून घ्या. कागद आणि उत्तराची जागा शेजारी शेजारी बघायची सवय नसली तर पहिली दहा मिनिटं वर-खाली करण्यातच जातात.

बहुपर्यायीत उताऱ्याखालची ओळ आधी वाचायला सांगा: लेखक आणि साल. चुकीचे पर्याय बरेचदा खरे असतात, पण भलत्याच काळातले. १८९२ च्या पॉप्युलिस्टांच्या जाहीरनाम्यावर प्रश्न असतो आणि पर्यायांत न्यू डीलचं (१९३० च्या दशकातलं) धोरण येऊन बसतं. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

सायली_ऑस्टिन
निबंध चॅटबॉटकडून तपासून घेतला तर?

अवंती_एनजे
“हा निबंध कसा आहे?” असं विचारलं तर कौतुकच जास्त येतं. निकषांतला एकच गुण घेऊन विचारा: “थीसिसचा गुण मिळतो का? कुठल्या वाक्यामुळे?” आणि त्याने सुचवलेली अवतरणं, तारखा पुस्तकात पडताळल्याशिवाय वापरू देऊ नका. त्यापेक्षा एपी सेंट्रलवरची तीन नमुना उत्तरं गुण झाकून तिलाच तपासायला द्या. दुसऱ्याच्या निबंधात सोर्सिंग कुठे फसलं ते दिसायला लागलं की स्वतःच्याही दिसतं.

खडूफळा
आणि गाइड आत्ताच नको. शाळेच्या एपी क्लासरूममध्ये (बोर्डाच्या ऑनलाइन वर्गात) प्रोग्रेस चेक असतात, खुद्द बोर्डाने काढलेले प्रश्न. ते शिक्षकांनी उघडल्याशिवाय मुलांना दिसत नाहीत, त्यामुळे पुष्कळदा नुसते कुलूपबंद राहतात. तिला उद्याच शिक्षकांना मेल टाकायला सांगा: तिसऱ्या ते आठव्या युनिटचे (म्हणजे कालखंडाचे) लेखी प्रश्न उघडून द्याल का? आठवड्याला एक डीबीक्यू, घड्याळ लावून: १५ मिनिटं वाचन, ४५ मिनिटं लेखन. ते जमत नसेल त्या आठवड्यात निदान फक्त थीसिस आणि दोन कागदांचं सोर्सिंग. तेवढ्याला २० मिनिटं पुरतात.