विषय: सड्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी का?

नमस्कार मंडळी,

इथल्या, परदेशातल्या आपल्या मंडळाच्या यंदाच्या निधीतून साताऱ्याकडच्या एका संस्थेला देणगी द्यायचं कार्यकारिणीच्या मनात आहे. सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरच्या, वनस्पती आणि सरपटणारे प्राणी हा त्यांचा अभ्यासविषय. परिचयपत्र आणि जमाखर्च सोबत जोडलाय. शंका दोन. निम्म्याहून जास्त खर्च पगारांवर आहे, आणि झाडं किती लावली ते कुठेच लिहिलेलं नाही. काका, तुम्ही आता साताऱ्यातच असता. काय वाटतं?
– चिटणीस

ताई,

झाडांचा आकडा नाही, याचाच मला भरवसा वाटला. कासचा सडा म्हणजे जांभा दगड आणि वर मातीचा पातळ थर. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं हे सगळं त्या उघड्या, पाणथळ जागेवर जगतं. तिथे खड्डे घेऊन रोपं लावली, तर २०१२ साली ज्यामुळे कासचा जागतिक वारशात समावेश झाला तेच आपण घालवू. सड्यावर झाडं लावू म्हणणाऱ्या संस्थेला मी एक पैसाही देऊ दिला नसता.

आता पगार. चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या पठारावर सापडलेली एक पाल २००८ मध्ये नवी जात म्हणून नोंदली गेली. हे काम यंत्राने होत नाही, पठारावर फिरणारी जाणती माणसंच लागतात. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी फुलते. दरवर्षी माणसं बदलली तर नोंदी कोण ठेवणार? माझ्या मते पगार हेच संस्थेचं खरं काम आहे.

काटेकोरपणे बघायचं ते एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा. आपलं मंडळ परदेशी संस्था आहे, त्यामुळे साताऱ्याच्या संस्थेची या कायद्याखालची नोंदणी चालू असायलाच हवी. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच जातील, आणि ते पुढे दुसऱ्या संस्थेला देता येणार नाहीत. २०२० पासून परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मात्र मुख्यतः संशोधन करणाऱ्या संस्थेत प्रत्यक्ष पाहणी करून नोंदी घेणाऱ्यांचा पगार त्यात धरत नाहीत. तेव्हा पगाराचा एकच आकडा बघून घाबरू नका, कोणाचा किती ते वेगळं मागवा.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी धरत नाहीत. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मूळ भारतीयांचे, धरतात. यादी करताना गफलत नको.
– काका

काका,

मागच्या तीन वर्षांचे एफसी-४ (परदेशी निधीचे वार्षिक हिशेब) आणि पगाराची फोड मागवते. नोंदी वनविभागाला आणि गावच्या जैवविविधता समितीला देतात का, हेही विचारते. सगळं ठीक असेल तर एकरकमी न देता तीन वर्षं, एका संशोधकाच्या पगारासाठी, असा ठराव मांडू का?
– चिटणीस

ताई, असाच मांडा. माझी वर्गणी त्यात धरा.
– काका