लहान गावात विरोध पत्करून पुस्तकांचे दुकान काढावे काय?

चर्चाप्रस्ताव

लहान गावात कोणी पुस्तकांचे दुकान काढणार असल्याची कुणकुण लागली की विरोध सुरू व्हायला वेळ लागत नाही. ‘इथे वाचतो कोण?’ हा पहिला आक्षेप असतो. मोक्याची जागा जास्त गरजेच्या व्यवसायाला मिळावी, हा दुसरा. कोणती पुस्तके येतील आणि ती कोणाच्या हाती पडतील, ही तिसरी काळजी उघडपणे क्वचितच बोलली जाते, पण पुष्कळदा खरा विरोध तिथेच असतो. दोन-तीन वर्षे तोटा सोसण्याची तयारी असेल, तर हा विरोध पत्करूनही दुकान काढावे, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण असे की पुस्तकांची मागणी दुकान येण्यापूर्वी नीट मोजताच येत नाही. ज्याला पुस्तकाचे नाव ठाऊक आहे, तो ते ऑनलाइन मागवतो. ज्याला नाव ठाऊक नाही, किंबहुना असे काही आपल्याला वाचावेसे वाटेल याचीही ज्याला कल्पना नाही, त्याच्यासाठी दुकान असते. मधुमेहावरचे पुस्तक मागायला आलेला माणूस ते बांधून होईपर्यंत शेजारच्या फळीवरचे ताऱ्यांविषयीचे पुस्तक उचलतो, मधलेच एखादे पान उघडतो आणि चष्मा सावरत उभ्याउभ्या वाचत राहतो. त्याला आदल्या दिवशी विचारले असते, तर गावात दुकानाची गरज नाही असेच त्याने सांगितले असते.

वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या गावाची वस्ती दोन हजारांच्या आत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड बूथ यांनी तिथे जुन्या पुस्तकांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे ते गाव जगभर पुस्तकांसाठीच ओळखले जाऊ लागले. आधी गावकऱ्यांचा कौल घेतला असता, तर तो अनुकूल आला असता असे मला वाटत नाही.

प्रतिसाद १

मी असहमत आहे, आणि हे-ऑन-वायचे उदाहरण तर आपल्या मताच्या विरुद्ध जाते असे मला वाटते. तिथली दुकाने गावकऱ्यांच्या खरेदीवर नव्हे, तर बाहेरून येणाऱ्या ग्राहकांवर चालली. स्कॉटलंडमधील विगटाउनचे उदाहरण घेऊ. उद्योग बंद पडून तिथे मंदी आली होती, तेव्हा ‘पुस्तकांचे गाव’ होण्यासाठी त्या गावाने स्वतःच उमेदवारी केली आणि १९९८ साली तो मान मिळवला. तिथे गाव दुकानदारांच्या पाठीशी उभे होते.

दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे. विक्रेत्याला छापील किमतीवर साधारण ३० ते ४० टक्के सूट मिळते आणि त्यातूनच भाडे, वीज, पगार व वाहतूक भागवावी लागते. न खपलेली प्रत परत घेतली जात असली, तरी ती ठरलेल्या मुदतीत, डाग न पडलेल्या अवस्थेत आणि पुष्कळदा स्वतःच्या खर्चाने पाठवावी लागते. तोवर भांडवल फळीवर अडकून पडते. ‘इथे वाचतो कोण?’ असे विचारणारा माणूस संकुचित वृत्तीचाच असतो असे नाही. ज्याने त्याच रस्त्यावर दुकाने उघडताना आणि बंद पडताना पाहिली आहेत, त्याचा तो अनुभव असतो.

प्रतिसाद २

हिशेबाचा आक्षेप रास्त आहे, परंतु मूळ लेखातील तिसऱ्या काळजीला तो उत्तर देत नाही. लहान गावात कोणी काय विकत घेतले, हे संध्याकाळपर्यंत चार घरांत पोहोचते. घटस्फोटाच्या कायद्यावरचे किंवा नैराश्यावरचे पुस्तक हवे असलेली व्यक्ती म्हणूनच दुकानात यायला कचरते. अशी पुस्तके रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा फळीवर ठेवावीत, न विचारता साध्या कागदात बांधून द्यावीत आणि त्या खरेदीचा पुन्हा कधीही उल्लेख करू नये. अशा ग्राहकाला कोणत्याही विरोधकाने मोजलेले नसते, कारण आपल्याला काय हवे आहे हे तो चारचौघांत सांगूच शकत नाही.

प्रतिसाद ३

वाचनाचीच कळकळ असेल, तर तोच पैसा आणि तीच शक्ती सार्वजनिक ग्रंथालयासाठी का वापरू नये? अमेरिकेतील पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. त्यांची नेहमीची अट अशी असे की, जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी सार्वजनिक निधीतून खर्च करावी. त्यामुळे गावाला आधीच उघड चर्चा करून निर्णय घ्यावा लागे. खासगी दुकान विरोध डावलून उघडते, तेव्हा ती चर्चा होतच नाही आणि कटुता मात्र मागे राहते. शिवाय ज्याच्याकडे पुस्तक विकत घेण्याइतके पैसे नाहीत, त्याच्यासाठी दुकान असून नसल्यासारखेच असते.

मूळ लेखकाचे उत्तर

ग्रंथालय हवेच, याविषयी दुमत नाही. परंतु ग्रंथालयाची निवड समिती करते, आणि गावातील वजनदार मंडळींना न रुचणारे पुस्तक त्या यादीत येणे कठीण असते. दुकानात ते येण्यासाठी एक विक्रेता आणि एक ग्राहक पुरेसा होतो. वादग्रस्त वाटणाऱ्या पुस्तकाला गावात जागा मिळण्याचा हा एक स्वतंत्र मार्ग आहे आणि तो खुला राहावा, असे मला मनापासून वाटते.

हिशेबाविषयी मात्र मला वेगळेच म्हणायचे आहे. दुकान बंद पडले की दोष गावातील वाचकांना दिला जातो, पण पुष्कळदा कारण किमतीच्या नियमांत असते. फ्रान्समध्ये १९८१च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरील सवलत पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, त्यामुळे मोठ्या साखळी दुकानाला लहान गावातील विक्रेत्याहून फारसे स्वस्त विकता येत नाही. ब्रिटनमध्ये प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीखाली पुस्तक न विकण्याचा १९०० पासून चालत आलेला करार १९९५ साली मोडला, आणि पुढील दोन दशकांत तिथली स्वतंत्र दुकाने जवळजवळ निम्म्यावर आली. तेवढ्या काळात ब्रिटनमधले निम्मे वाचक नाहीसे झाले, असे कोणी म्हणणार नाही. त्यानंतर त्या दुकानांची संख्या पुन्हा वाढू लागली, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे पुन्हा मत

किमतीच्या नियमांचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु जिथे असा कायदा नाही, तिथे दुकान काढणाऱ्याला तो येईपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून माझा विरोध पुरता मावळलेला नाही. तरीही कोणी हे धाडस करणारच असेल, तर पुस्तकांची पहिली मागणी नोंदवण्यापूर्वी जागेचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार नोंदवून घ्यावा आणि मुदतीपूर्वी जागा रिकामी करायला लावणारे कलम त्यात राहू देऊ नये. विरोध करणारे सहसा दुकानात येऊन भांडत नाहीत. ते जागामालकाची भेट घेतात.