जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल: दुरुस्त करू की बदलू?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात कोलशेतला राहतो. माझ्याकडे 2008 ची जिप्सी किंग आहे, बाबांनी घेतलेली. गेल्या पावसाळ्यात दोन-तीनदा ओढ्यातून काढली, तेव्हापासून उजव्या स्टिअरिंग नकलमधून (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा) ग्रीस गळतंय. बोटावर घेतलं तर दुधाळ चहाच्या रंगाचं, म्हणजे आत पाणी शिरलंय. घोडबंदर रोडला साठच्या पुढे खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थरथरतं. जॅक लावून चाक वर-खाली हलवलं तर खटखट लागते. किंगपिन बेअरिंग, म्हणजे नकल ज्या खिळीवर फिरतो तिचं बेअरिंग, गेलंय असं मला वाटतं.

एक गॅरेजवाले म्हणाले, दुसऱ्या गाडीचा जाड अ‍ॅक्सल टाकू. पण मग मागच्या डिफरन्शियलशी (अ‍ॅक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअर) रेशो, म्हणजे दात्यांचं प्रमाण, जुळायला हवा, नाहीतर फोर व्हील लावताच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) ताण येणार. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. जाड अ‍ॅक्सल लागेल असे मोठे टायर मला टाकायचेच नाहीत, त्यामुळे बेअरिंग, सील आणि सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सांधा) बदलून भागायला हवं. बरोबर ना?

ठाणे किंवा तुर्भ्याकडे किंगपिनचा प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब) स्प्रिंगकाट्याने मोजून, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून बसवणारा मिस्त्री कोणाच्या माहितीत आहे का? जूनच्या आत काम उरकायचंय.