त्रेपन्नाव्या वर्षी एक्सेल शिकत आहे. समजते, पण टिकत नाही

प्रश्न
गेली २७ वर्षे मी हिशेब विभागात काम करत आहे. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावे शिलकांचा ताळा) यांत माझा हात बसलेला आहे. परंतु आता बहुतेक काम एक्सेलमध्ये होऊ लागले असून लवकरच मासिक अहवालही आम्हालाच तयार करावे लागणार आहेत. त्यासाठी मी रोज रात्री दोन तास शिकवणीचे व्हिडिओ पाहतो. पाहताना सर्व समजते, मात्र आठवड्याने फाइल उघडली की पिव्होट टेबल (नोंदींचा गटवार सारांश देणारा तक्ता) कोठून सुरू करायचे हेही आठवत नाही. तरुण सहकारी एकदा पाहून लगेच करतात. या वयात शिकण्याची वेगळी काही पद्धत आहे का?

उत्तर १
आपण ज्याचा दोष वयाला देत आहात, तो बराचसा पद्धतीचा आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरण मोजले आणि १८८५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले गट तासाभराने पुन्हा पाठ करताना त्याला मूळ श्रमांच्या निम्म्याहून अधिक श्रम पुन्हा घ्यावे लागत, आणि तेव्हा त्याचे वय पस्तिशीच्या आतच होते. आपल्यासाठी त्याचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे: एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यानेच साधले. म्हणून दोन तासांऐवजी वीस मिनिटे पाहा, व्हिडिओ बंद करा आणि कोऱ्या फाइलमध्ये तेच आठवून करा. अडलात तरी पाच मिनिटे प्रयत्न करा, मगच परत पाहा. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तीन-चार दिवसांनी हेच करा. पाहून समजणे आणि न पाहता करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, पण आपल्या २७ वर्षांचा उल्लेख कोणी केला नाही, याचे मला वाईट वाटते. एक्सेलमध्ये रकान्यातील काही आकडे मजकूर म्हणून साठवले गेले असतील, तर बेरजेचे सम (SUM) हे सूत्र त्यांना बेरजेत धरतच नाही आणि कोणतीही सूचना न देता चुकीचे उत्तर दाखवते. यादीतून नोंद शोधून देणाऱ्या व्हीलुकअप (VLOOKUP) या सूत्रातील शेवटचा घटक लिहायचा राहिला, तर ते सूत्र अचूक नोंदीऐवजी जवळची नोंद शोधते आणि यादी क्रमवार नसल्यास भलत्याच खातेदाराची रक्कम समोर ठेवते. सूत्र पटकन लिहिणाऱ्याला हे दिसेलच असे नाही; ज्याने वर्षानुवर्षे तेरीज जुळवली आहे, त्याला ती रक्कम पाहताक्षणी खटकते. म्हणून सरावासाठीच्या काल्पनिक फायली सोडा आणि जुळलेल्या जुन्या महिन्याच्या नोंदींची प्रत घेऊन तोच अहवाल पुन्हा तयार करा. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे चूक कोठे झाली हे आपले आपल्यालाच कळेल.

उत्तर ३
वयानुसार नवे आत्मसात करण्याचा वेग कमी होतो, हे नाकारू नये. वेळ थोडा अधिक धरावा. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलो. तेव्हा मदत करणारे सहकारी माऊस स्वतःच्या हाती घेऊन काम उरकून देत आणि मला त्यातले काहीच येत नसे. त्यांना नम्रपणे सांगावे की आपण फक्त तोंडी सांगा, हात माझाच चालू द्या.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. काल मागील तिमाहीच्या येणे रकमांची प्रत घेऊन, व्हिडिओ बंद ठेवून, पिव्होट टेबल केले. दोनदा अडलो. तारखा महिन्यांनुसार एकत्र होईनात, तेव्हा दुसऱ्या उत्तरातील मजकूर म्हणून साठवलेल्या आकड्यांची गोष्ट आठवली आणि रकाना तपासला. काही तारखा खरोखरच मजकूर होत्या. त्या दुरुस्त केल्यावर एकूण रक्कम जुन्या अहवालाशी जुळली. आता हेच उद्या पुन्हा कोऱ्या फाइलवर करणार आहे.