ट्रोम्सोत (उत्तर नॉर्वे) जानेवारीत स्नोशू हाइक: बूट, कपडे काय?

प्रश्न: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाइडसोबत ४ तासांची हाइक आहे. स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट), काठ्या तेच देणार. सह्याद्रीतले ट्रेकिंग बूट चालतील का?

उत्तर १: घोटा झाकणारे, वॉटरप्रूफ असतील तर चालतील. जाड लोकरी मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. एकावर एक दोन मोजे कोंबलेत तर रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. स्नोशूचे पट्टे १० मिनिटांनी पुन्हा आवळा. टाच उचलली जाते ती जायलाच हवी, सैल समजू नका. आणि मागे पाऊल टाकू नका! स्नोशूचं शेपूट रुततं, माणूस पाठीवर. वळायचं तर छोटा गोल मारायचा.

उत्तर २: ट्रोम्सो समुद्राकाठी, त्यामुळे थंडी आतल्या भागापेक्षा बरीच सौम्य. खरा शत्रू घाम. आत मेरिनो (मऊ, पातळ लोकर), मग फ्लीस (उबदार, मऊ सिंथेटिक कापड), वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियनसुद्धा नको, ओलं झालं की वाळत नाही. निघताना किंचित गारच वाटलं पाहिजे. डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट सॅकमध्ये, थांबल्यावर घालायला.

उत्तर ३: त्या आठवड्यात सूर्य उगवत नाही, दुपारी निळसर उजेड तेवढा. हेडलॅम्प मिळणार का, विचारून घ्या. फोन आतल्या खिशात. पाण्याची बाटली उलटी ठेवा: बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं.

प्रश्नकर्ता: चष्म्याचं काय?

उत्तर २: बफ (गळ्या-तोंडावर घालायचं नळीसारखं कापड) नाकाखाली ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ थेट काचेवर गोठते.