जुन्या वृत्तपत्रांतील ‘कर्ते’

जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या अंकांत ‘संपादक’ हा शब्द शोधूनही फारसा सापडत नाही, असे काही वाचक म्हणतात. त्या जागी बहुतेक वेळा ‘कर्ते’ हा साधा शब्द आढळतो. वाचकांच्या पत्रांचा मायना ‘अमुककर्ते यांस’ असा असे आणि प्रतिस्पर्धी वृत्तपत्राचा समाचार घेतानाही ‘अमुककर्ते म्हणतात’ अशीच सुरुवात होई. वृत्तपत्राचे नाव माणसाला चिकटे, ते असे. शिवराम महादेव परांजपे यांनी 1898 मध्ये ‘काळ’ साप्ताहिक काढले आणि ते कायमचे ‘काळकर्ते’ झाले. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली, तीही या कर्त्यालाच.

मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण लेख लिहिणे, मुद्रिते (छपाईपूर्वीचे नमुने) तपासणे, वर्गणी वसूल करणे आणि प्रसंगी तुरुंगात जाणे हे सारे अनेकदा एकाच माणसाच्या अंगावर पडे, आणि ‘कर्ते’ म्हटले की त्यातले काहीच वगळले जात नाही. शिवाय घरातील ‘कर्ता पुरुष’ या प्रयोगातली जबाबदारीची छटाही त्यात आपोआप येते. ‘भाला’ या वृत्तपत्रामुळे पडलेल्या ‘भालाकार भोपटकर’ या नावातील ‘कार’ हा त्याचाच धाकटा भाऊ. मात्र तो ग्रंथकार, नाटककार अशा सर्वांनाच लागतो, त्यामुळे ‘कर्ते’इतका वृत्तपत्री वाटत नाही.