मदत हवी आहे: स्वतःसाठी वेळ हवाय, पण झोप मोडून नको

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, 'पहाटे पाचला उठा' हा सल्ला कृपया नको. करून झालाय. अकरा दिवस उठले, बाराव्या दिवशी मीटिंगमध्ये चक्क डुलकी लागली.

पूर्णवेळ नोकरी, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं, त्यात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नवरा कामं वाटून घेतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. (थोडी आहे, पण तो वेगळा धागा.)

रात्री साडेदहाला घर शांत होतं. मी आडवी होते आणि फोन हातात घेते. दहा मिनिटं म्हणता म्हणता साडेबारा वाजतात. काही खास बघायचं असतं असंही नाही. कुणी हाक मारत नाही, एवढंच सुख. सकाळी सहाला गजर. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते हे मलाही कळतं, पण ते दोन तास सोडवत नाहीत.

परवा डोळे उघडले ते चष्म्यामुळे. डावी काडी तीन महिन्यांपूर्वी तुटली, तेव्हापासून चिकटपट्टीवर चाललंय. याच तीन महिन्यांत मुलांचे दात, सासूबाईंची फिजिओथेरपी, अगदी गाडीचं सर्व्हिसिंगसुद्धा वेळेवर झालं. धाकटीने विचारलं, "आई, चष्म्याला बँडेज का?"

तर, वेळ कुठून काढता? आणि घरी सांगताना अपराधी वाटतं त्याचं काय करता? व्यायामही करायचाय, पण सलग अर्धा तास मिळणं अशक्य.

प्रतिसाद १
सलग कशाला हवा? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत ही जुनी अट २०२० च्या सूचनांत उरलेली नाही. मी ऑफिसचे फोन चालत चालत घेतो. जिनेही हिशोबात धरतो.

प्रतिसाद २
ताई, मी पाच वर्षं वडिलांचं सगळं एकटीने केलंय, म्हणून हक्काने सांगते. घरी परवानगी मागू नका. "मला जरा वेळ मिळेल का?" याचं उत्तर कायम "हो, एवढं झालं की" असंच येतं. "बुधवारी सात ते पावणेआठ मी नाही" असं सांगून टाका. पहिले दोन बुधवार दार वाजेल. उघडू नका.

रात्रीचा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. पण संध्याकाळचा हा पाऊण तास आधी पदरात पाडून घ्या, नाहीतर दोन दिवसांत फोन परत उशाशी येईल. २१ दिवसांत सवय लागते वगैरे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले होते, अंदाज १८ पासून २५४ पर्यंत. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. बुधवार कागदावर लिहून फ्रिजवर लावला. नवऱ्याने वाचून विचारलं, "कुठे जाणार?" म्हटलं, चष्म्याच्या दुकानात. "आणि पुढच्या बुधवारी?"

काही सुचेचना. तुम्ही काय करता त्या वेळात?